एका डाळीसाठी किती शास्त्रे?

रायपूरच्या तात्यापाऱ्यातून जी. ई. रोडने पश्चिमेला निघाले की आमानाक्याकडे पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ लागते. त्याची स्थापना १९६४ ची. त्याच रस्त्याने उलट, पूर्वेला शहर ओलांडले की कृषकनगरात इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहे, ते १९८७ चे. या दोन टोकांच्या मधल्या शहरात १९६३ पासूनचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची जुनी वस्ती म्हणजे तात्यापारा, आणि या तिन्ही संस्था तिच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या. एकीकडे मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र, भौतिकशास्त्र; दुसरीकडे मृदाशास्त्र, पीक-पैदास, कीटकशास्त्र; तिसरीकडे रक्ताचे आणि मज्जासंस्थेचे आजार. विषयांची ही गर्दी बाहेरून पाहणाऱ्याला पसारा वाटते. पैसा थोडा आहे, तेव्हा चार उपयोगी विषय नीट चालवावेत आणि बाकीचे मोठ्या शहरांवर सोडावेत, असा सल्ला शहाणी माणसेही देतात. मला तो सल्ला चुकीचा वाटतो. शास्त्रे एकमेकांच्या चुका पकडतात. पण ती एका मुलखात, एका प्रश्नाभोवती असतील तरच. हे सिद्ध करायला अवकाशयाने आणि कणभौतिकी यांची गरज नाही. रायपूरच्या बाजारात मिळणारी एक स्वस्त डाळ पुरेशी आहे.

भंडारा-गोंदियाकडे तिला लाख किंवा लाखोळी म्हणतात, छत्तीसगडात तिवरा, उत्तरेत खेसारी. तुरीच्या डाळीसारखी दिसते, तुरीपेक्षा स्वस्त असते, आणि म्हणूनच तुरीत आणि बेसनात मिसळली जाते. तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी छत्तीसगडात हिवाळ्यात आवडीने खातात. प्रथिने २८ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बहुतेक डाळींपेक्षा जास्तच. आणि हीच डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर धडधाकट माणसाचे पाय ताठरतात, टाचा उचलल्या जातात, चालताना गुडघे एकमेकांना आपटतात. पुढे काठी लागते, काहींना सरपटावे लागते. बुद्धी शाबूत राहते, आयुष्यही फारसे घटत नाही. गेलेले पाय मात्र परत येत नाहीत. तरुण पुरुषांना हा आजार जास्त होतो, म्हणजे घरातल्या कमावत्या हातालाच.

वैद्यकाला हे फार आधीपासून माहीत होते. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ च्या आपल्या पुस्तकात सागर भागातली हकिगत लिहून ठेवली आहे: १८२९ पासून गव्हाची पिके लागोपाठ बुडाली, लाखोळी तेवढी तगली, लोकांनी तीच खाल्ली, आणि काही वर्षांत तिशीच्या आतल्या कितीतरी तरुणांचे पाय निकामी झाले. युरोपही यातून सुटला नव्हता. व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ मध्ये या पिठाच्या भाकरीवर बंदी घातली होती, आणि माद्रिदच्या उपासमारीत या पिठावर जगणारी माणसे चित्रकार गोयाने आपल्या युद्धचित्रांत कोरली. दुसऱ्या महायुद्धात वाप्न्यार्का येथील छळछावणीत कैद्यांना हाच दाणा खायला घातला गेला. त्यांच्यातच कैदी असलेले डॉक्टर आर्थर केसलर यांनी लक्षणे ओळखली आणि नोंदवली. नावे, देश, शतके बदलली तरी गोष्ट तीच आहे. डॉक्टरांच्या तपासणीतून जे निघाले ते पक्के होते: ही डाळ खूप खाल्ली की हा आजार होतो.

या पक्क्या उत्तरावर १९६१ मध्ये कायदा उभा राहिला. अन्नभेसळ प्रतिबंधाच्या नियमांखाली लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली. लक्षात घेण्यासारखे हे की डाळीतले नेमके विष तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ते हाती आले १९६४ मध्ये. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, अडिगा आणि सरमा यांनी दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळे केले, त्याची रचना सांगितली. त्याच वर्षी दिल्लीच्या शेषाद्री आणि सहकाऱ्यांनीही त्याचा छडा लावला. त्याला आज ओडॅप म्हणतात. मज्जापेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी ग्लुटामेट वापरतात. ओडॅप त्याचे सोंग घेऊन त्याच दारातून शिरते आणि पेशीला इतके चेतवत ठेवते की ती मरते. भारतीय जीवरसायनशास्त्राने केलेल्या उत्तम कामांत या शोधाची गणना व्हायला हवी. पण कायदा रेणूची वाट पाहत थांबला नाही, आणि त्यासाठी त्याला दोष देता येत नाही. दोष वेगळाच आहे. बंदी विक्रीवर होती, लागवडीवर नव्हती. आणि मध्य प्रदेश, बिहार, पश्चिम बंगाल या राज्यांनी, म्हणजे जिथे ही डाळ सर्वात जास्त पिकत होती त्यांनी, ती अमलातच आणली नाही. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते. म्हणजे गोंदियात जी डाळ विकणे गुन्हा, तीच डाळ त्याच रेल्वेमार्गावर पुढे रायपुरात उघड्या पोत्यात. शेतकरी पेरत राहिला, गरीब खात राहिला, आणि कागदावर प्रश्न सुटलेला राहिला.

शेतकरी का पेरत राहिला, याचे उत्तर ना दवाखान्यात होते ना रसायनशाळेत. ते भाताच्या बांधीत होते. छत्तीसगडच्या कन्हार आणि डोरसा या भारी जमिनींत भात उभा असतानाच, कापणीच्या दोन-तीन आठवडे आधी, ओल्या चिखलात लाखोळी फेकून पेरतात. या पद्धतीला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. भात कापून नेल्यावर उरलेल्या ओलीवर हे पीक येते. हरभरा तिथे दगावतो, गहू तर शक्यच नसतो. लाखोळी आधी साचलेले पाणी सोसते आणि नंतर दुष्काळही सोसते. हवेतला नत्र जमिनीत बांधते, भुसा बैलांना घालता येतो. सिंचन नसलेल्या शेतकऱ्याला दुसरे पीक म्हणून हेच परवडते, हे कृषिशास्त्र कधीपासून सांगत होते. पाऊस हुकला की बाकी सगळे जाते आणि हीच उरते. म्हणून दुष्काळात ताटात फक्त हीच दिसते. आजाराच्या साथी दुष्काळामागून का येतात, हे कोडे पीकशास्त्राशिवाय उलगडत नाही. त्यात मृदाशास्त्राने आणखी एक धागा जोडला: पाण्याचा ताण आणि जमिनीत जस्ताची कमतरता असली की रोपात ओडॅप वाढते. बेल्जियमचे फर्नांड लँबेन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० च्या दशकात हे दाखवले. गरीब जमीन, कोरडे वर्ष आणि विषारी दाणा एकत्र येतात ते योगायोगाने नव्हे.

पण एवढ्यानेही चित्र पुरे होत नाही. रीवा-सतना भागात हा आजार सगळ्या लाखोळी खाणाऱ्यांना सारखा होत नव्हता. ज्यांच्या पिढ्या कर्जापायी मालकाच्या शेतात राबत होत्या आणि ज्यांची मजुरी धान्यात मिळत होती, अशा वेठबिगारांच्या वस्त्यांत तो जास्त होता, कारण मजुरीच्या मापात येणारे धान्य म्हणजे लाखोळी किंवा तिची भेसळ. मालक गहू विकायचा आणि मजुराला लाखोळी मोजायचा. रीवा जिल्ह्यातल्या पाहण्या १९६४ मध्ये, म्हणजे रेणू सापडला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाल्या. पायांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी मजुरीचीही चौकशी केली म्हणून हे कळले. विक्रीवरच्या बंदीचा या मजुराला काडीचा उपयोग नव्हता. तो डाळ विकत घेतच नव्हता, ती त्याच्या पदरात मोजली जात होती. त्याच्या पायांशी जास्त संबंध १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याचा आणि रोख मजुरीचा होता. विष रसायनशास्त्राने शोधले, पण ते कोणाच्या पोटात आणि का जाते, हे मजुरीच्या अभ्यासाने सांगितले.

आता या सगळ्या उत्तरांकडे एकत्र पाहू. वैद्यक म्हणाले, डाळ पाय घेते. रसायन म्हणाले, हा रेणू घेतो. कृषी म्हणाले, दुसरे काही पिकत नाही. समाजशास्त्र म्हणाले, मजुरीत हेच मिळते. यातले एकही उत्तर खोटे नाही. चूक घडली ती एका शास्त्राचे उत्तर दुसऱ्या शास्त्राच्या प्रश्नाला लावताना. डाळ घातक आहे या वैद्यकीय सत्यावरून बंदीचा उपाय काढला गेला, आणि तो उपाय बाजार, शेत आणि मजुरी यांना न विचारता काढला गेला. माझ्या मते विविध शास्त्रांची खरी गरज इथे दिसते. सत्याचे तुकडे करून ते वाटून घेण्यासाठी इतक्या शाखा नसतात. आपल्या हद्दीबाहेर गेलेल्या उत्तराला कोणीतरी शेजारून टोकायला हवे, म्हणून त्या लागतात.

यावर पहिला आक्षेप खोलीचा. ओडॅप कोणत्याही सर्वसमावेशक समितीने शोधले नाही. आपल्या विषयात मान खाली घालून बसलेल्या तीन जीवरसायनशास्त्रज्ञांनी शोधले. ‘आंतरविद्याशाखीय’ या नावाखाली चालणाऱ्या पुष्कळ कामात ना धड एक शास्त्र असते ना दुसरे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. शास्त्रे एकमेकांत मिसळा असे मी म्हणत नाही. ती वेगळी, खोल आणि आपापल्या पद्धतीला पक्की राहिली तरच एकमेकांना टोकू शकतात. रेणू माहीत झाला म्हणूनच पैदासकाराला मोजायला काहीतरी मिळाले. त्यानंतर रायपूरच्या कृषी विश्वविद्यालयातून ‘प्रतीक’ आणि ‘महातिवरा’ हे वाण निघाले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतून ‘रतन’ निघाला. या तिन्हींत ओडॅप ०.१ टक्क्याच्याही खाली आहे. देशी वाणांत ते याच्या कित्येक पट असू शकते. बंगळुरूच्या बाटलीतून निघालेली गोष्ट रायपूरच्या शेतात पोचली ती दोन खोल शास्त्रांमुळे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा: सामाजिक शास्त्रांना निश्चिती नसते, तेव्हा त्यांना निसर्गविज्ञानाच्या पंगतीला का बसवायचे? निश्चितीचा मुद्दा आधी तपासू. हा आजार प्राण्यांत हुबेहूब उभा करायला रसायन हाती आल्यावरही दोन दशके गेली. माकडांवरच्या प्रयोगांचा निबंध १९८६ चा. एकाच वाणात जमीन बदलली की ओडॅप बदलते. उलट, सर्वात कामाचा निष्कर्ष घरोघर जाऊन विचारलेल्या प्रश्नांतून आला. इथिओपियात १९९० च्या दशकातल्या दुष्काळात हा आजार पसरला, तेव्हा हैलेयेसूस गेताहून आणि सहकाऱ्यांनी लोक काय खातात, कशात मिसळतात, कोणत्या भांड्यात शिजवतात हे विचारले. ज्या घरांत डाळीत ज्वारी-गव्हासारखे धान्य पुरेशा प्रमाणात मिसळले जात होते, त्यांना धोका बराच कमी होता. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी मांडले की दुष्काळी मदतीत वेळेवर धान्य पोचवणे हाच आजाराचा प्रतिबंध आहे. या निष्कर्षाला सूक्ष्मदर्शक लागला नाही, चिकाटीने विचारपूस करणारी माणसे लागली. पंगतीच्या वादाला रायपूरकडेच एक जुने उत्तर आहे. पेंड्र्याहून १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे, पुढे रायपुरात राहिलेले आणि तिथेच १९२६ मध्ये वारलेले मराठी घरातले हिंदी लेखक-संपादक माधवराव सप्रे यांनी काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी अर्थशास्त्राचे काम केले. त्या कोशात रसायन, भौतिकशास्त्र, गणित, ज्योतिष यांच्या शेजारी अर्थशास्त्राला जागा होती. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या लोकांना जे उघड दिसले, त्याबद्दल आज शंका घ्यावी याचे वाईट वाटते.

तिसरा आक्षेप पैशाचा. इथे भाताचे उदाहरण द्यावे लागते. राधेलाल रिछारिया कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक होते. १९७० च्या दशकात त्यांनी रायपूरला बसून छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातून सुमारे १९,००० भाताचे नमुने गोळा केले. तो साठा पुढे कृषी विश्वविद्यालयाकडे आला आणि आज २३,००० च्या वर आहे. रिछारिया नुसते दाणे गोळा करत नव्हते. कोणता भात कुठल्या जमिनीत, कोणत्या सणाला, कोणत्या आजाऱ्याला, हे शेतकऱ्यांकडून टिपून घेत होते. ही टिपणे म्हणजे मानववंशशास्त्रच, जरी ते करणारा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर विश्वविद्यालयाने गठुवन, महाराजी आणि लायचा या तीन भातांची कर्करोगाच्या पेशींवर चाचणी घेतली आणि परिणाम उत्साहवर्धक निघाले. या चाचण्या प्रयोगशाळेतल्या पेशींवरच्या आहेत, रुग्णांवरच्या नाहीत, आणि त्यांचा उपचार म्हणून गवगवा करणे घातक ठरेल. पण २३,००० नमुन्यांतून नेमके हे का निवडायचे? कारण गठुवन सांधेदुखीला, महाराजी बाळंतिणीला आणि लायचा त्वचेच्या विकाराला, अशी लोकांची समजूत होती. ज्या ज्ञानाला ‘मऊ’ म्हणून बाजूला सारले जाते, त्याने प्रयोगशाळेचा शोध हजारोंवरून तिनावर आणला. खर्चाचा हिशेब मांडायचा तर तो असा मांडावा. २००२ मध्ये हाच साठा एका परदेशी कंपनीबरोबरच्या कराराच्या तोंडावर आला आणि जनतेच्या विरोधामुळे तो करार बारगळला, तेव्हा वाद बियाण्याच्या मालकीचा होता. त्याला कायदा, इतिहास आणि शेतकरी समाजाचा अभ्यास लागतो. जनुकशास्त्रात त्याचे उत्तर नाही.

शास्त्रांनी एकमेकांना टोकण्याची हीच गरज सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातही दिसते, त्याबद्दल थोडक्यात. मध्य भारतातल्या या दोषाची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक, एवढे गणित जनुकशास्त्र देते. पण वाहक वाहकाशीच लग्न का करतो, याचे उत्तर जातीतल्या जातीत होणाऱ्या विवाहात आहे. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी त्याचा मागोवा आप्तसंबंध आणि मोजमाप अशा दोन्ही बाजूंनी घेतला. १९५१ मध्ये महाराष्ट्रातल्या शरीरमापनांवरचे काम तर त्यांनी वि. म. दांडेकरांसारख्या अर्थशास्त्रज्ञ-संख्याशास्त्रज्ञाबरोबर केले. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ७ कोटी लोकांची तपासणी करून त्यांना कार्डे द्यायचे ठरले. ते कार्ड लग्नाच्या बैठकीत मुलाचे दाखवले जाईल की फक्त मुलीचे मागितले जाईल, यावर मोहिमेचे यश ठरेल, आणि ते कोणत्याही रक्तचाचणीत दिसणार नाही.

सर्वात अवघड आक्षेप शेवटी घेतो. कोणी म्हणेल, लाखोळीचा आजार या कुठल्याच शास्त्राने घालवला नाही. सिंचन, रोख मजुरी आणि रेशनच्या तांदळाने घालवला. वस्तुस्थिती बरीचशी अशीच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गोंदिया जिल्ह्यात पाहणी करून २०१४ मध्ये ती प्रसिद्ध केली, तिच्यात डाळ खाणे चालू असूनही आजार मागे हटल्याचे चित्र आहे. छत्तीसगडने २०१२ मध्ये स्वतःचा अन्नसुरक्षा कायदा केला आणि स्वस्त धान्य घरोघर पोचले. मग संशोधनाचे श्रेय काय? श्रेयाचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही, पण एक गोष्ट सांगावी लागते. धान्य मिसळले की धोका घटतो, हे माहीत असेल तरच रेशनचा तांदूळ हा या आजारावरचा उपाय आहे हे ओळखता येते. ते ओळखले नाही, तर उद्या रेशन विस्कळीत झालेल्या दुष्काळी वर्षात कुठे लक्ष ठेवायचे हे सरकारला कळणार नाही. समृद्धीने आजार नकळत दबला असेल, तर तो नकळत परतही येऊ शकतो.

प्रश्न जिवंत आहे याचे आणखी एक कारण आहे. बंदी उठवावी म्हणून नागपूरहून शांतीलाल कोठारी यांनी अनेक वर्षे लढा दिला; २०१६ च्या सुरुवातीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने कमी ओडॅपच्या तीन वाणांना अनुकूलता दाखवली, आणि लगेच विरोधही झाला. विरोधकांचा मुद्दा हलका नाही. बाजारात ‘महातिवरा’ आणि देशी लाखोळी डोळ्यांनी वेगळी ओळखता येत नाही, आणि लाखोळीच्या फुलांवर मधमाश्या येतात, त्यामुळे शेजारच्या शेतातला देशी वाण सुधारित वाणात शिरू शकतो. समर्थक म्हणतात की आज ही डाळ कोणी पोटभर खातच नाही. दोन्ही बाजूंना विज्ञानाचा हवाला आहे आणि दोन्ही बाजू बोलतात ते प्रयोगशेतातल्या आकड्यांवर किंवा जुन्या साथींवर. तंटा मिटवायचा तर रायपूर, दुर्ग, गोंदिया, भंडारा इथल्या शेतकऱ्यांच्या कणग्यांतले घरचे बियाणे, पाच-सहा हंगाम फिरल्यानंतरचे, काढून त्यातले ओडॅप मोजावे लागेल. त्याच शेतांतले जस्त तपासावे लागेल. त्याच घरांत महिन्याला किती डाळ शिजते, कशाबरोबर, आणि टंचाईच्या महिन्यांत ती किती वाढते, हे विचारावे लागेल. बेसनाच्या गिरण्यांपर्यंत मालाचा माग काढावा लागेल. पैदासकार, मृदाशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ आणि मज्जासंस्थेचा डॉक्टर एवढी माणसे त्याला लागतील, आणि ती सगळी तात्यापाऱ्यावरून जाणाऱ्या त्या एका रस्त्याच्या आसपास आज पगारावर आहेत. एखाद्या कुलगुरूने किंवा आरोग्य सचिवाने ती एका प्रकल्पावर नेमली, तर येत्या पाच वर्षांत बंदीवरचा निर्णय आकड्यांच्या आधारावर घेता येईल.